खोक्याला कान लावणारे काका

खोकं भरून झालं की काका ते दोन्ही हातांनी उचलायचे, कानाशी धरायचे आणि डोळे मिटून हळूच हलवायचे. मग बहुतेक वेळा मान हलवून म्हणायचे, "बोलते अजून."

लगेच खोकं खाली यायचं, टेप निघायची आणि आत कुठं जागा राहिली ते शोधत काकांची बोटं फिरायला लागायची. तिथं कधी कागदाचा बोळा जायचा, कधी जुन्या साडीचा तुकडा, कधी नुसता एक मोजा. पुन्हा खोकं कानाशी, पुन्हा डोळे बंद. आतून काहीच ऐकू आलं नाही की चेहरा खुलायचा. "मुकं झालं," म्हणायचे आणि मगच कायमची टेप बसायची.

तुम्ही कधी घर हलवलं असेल तर सामान बांधणारी माणसं पाहिली असतील. हात झपाझप चालतात, टेपचा कर्र आवाज दिवसभर घरात घुमत राहतो, आणि संध्याकाळपर्यंत आपलं घर कुणाचं तरी गोदाम झालेलं असतं. पण खोक्याचं ऐकून घेणारा माणूस तुम्हाला भेटला असेल असं वाटत नाही. मलाही त्याआधी भेटला नव्हता.

माझी नोकरी कापूस तपासण्याची. तंतूची लांबी किती, ताकद किती, कचरा किती, हे सांगणाऱ्या एका सरकारी प्रयोगशाळेत मी अकोल्याला होते. बदलीचा हुकूम आला तो कोइमतूरचा. तिकडे सूतगिरण्या. आपल्याकडचा कापूस जातो तिथंच तुम्हीही चाललात, असं कचेरीत सगळे गमतीनं म्हणाले. मला हसू येत नव्हतं. घरात मी आणि आई दोघीच, आणि आईला दिसत नाही.

काचबिंदूनं तिची नजर हळूहळू नेली. घर पाठ करायला वेळ देऊन नेली, एवढाच त्यातला उपकार. जठारपेठेतल्या आमच्या घरात ती डोळस बाईसारखी वावरायची. स्वयंपाकघर तर तिच्या बोटांवर होतं. तीन उघड्या फळ्या, त्यांवर एकतीस डबे आणि बरण्या, प्रत्येकाची जागा ठरलेली. पाहुणे चहा-पोहे खाऊन जायचे आणि जिन्यात मला हळूच विचारायचे, "आईंना थोडं तरी दिसतं ना?" काहीच दिसत नाही म्हटलं की त्यांना खरं वाटायचं नाही.

नवं घर म्हणजे तिच्यासाठी सगळं पहिल्यापासून. हे ती बोलली नाही आणि मीही बोलले नाही. हुकूम वाचून दाखवला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तू जाय. मी राह्यतो इथीच."

"एकटी?"

"एकटी कायची? घर हाये ना."

तिला तयार करायला मला महिना लागला, आणि तयार म्हणजे काय, तिनं नाही म्हणणं सोडलं इतकंच. मग मी सामान नेणाऱ्या कंपन्यांना फोन करायला लागले. सगळ्यांचं बोलणं एकाच वहीतून पाठ केल्यासारखं, "टेन्शन लेने का नहीं मॅडम." शेवटी अमरावतीची एक कंपनी ठरवली. त्यांनी एका ओळखीच्यांचं सामान चेन्नईला धड पोचवलं होतं, एवढ्याच भरवशावर.

ठरल्या दिवशी सकाळी तिघं आले. दोघं धिप्पाड, जड सामान उचलणारे. तिसरे काका. साठी ओलांडलेले, बुटके, कंपनीचा निळा टीशर्ट गुडघ्याकडे निघालेला, चष्म्याला दोरी. आवाज मात्र विशीतल्या पोराचा, बारीक आणि स्वच्छ. मुलगी अकोटला दिली होती. काम संपेपर्यंत तिच्याकडं राहायचं आणि रोज सकाळच्या एसटीनं यायचं, असं त्यांनी मला आल्या आल्या सांगून टाकलं.

ते धिप्पाड दोघं थेट स्वयंपाकघरात शिरले. एक डबा खणकन वाजला. आई देवापुढे बसली होती, ती उठली आणि सरळ जाऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. दोन्ही हात चौकटीला.

"कोन हाये आत? खाली ठेव तो डब्बा. मुंगाच्या दाळीचा हाये तो."

त्या माणसानं झाकण उघडून पाहिलं. मुगाचीच डाळ होती. तो डबा हातात धरून तसाच उभा राहिला.

"आई, त्यांना काम करू दे," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. आईचे हात चौकटीवरून निघाले नाहीत.

काका मागून आले. त्यांनी त्या दोघांना सांगितलं, "तुमी भाईर पलंग खोला. अठी मी पायतो." मग माझ्याकडं पाणी मागितलं, आणि आईच्या हाताखालून वाकून आत जाऊन जमिनीवर मांडी घालून बसले.

"माय, मी सामान बांधाले आलो. तुमी नाई म्हनसान तं नाई बांधत. पन मले एक सांगा, हे डब्बे तुमी ओळखता कशे?"

"तुले काहून पायजे?"

"मी बी हातानंच पायतो म्हनून."

आईनं एक हात काढला.

काकांनी मग जे सांगितलं ते मी दारात उभी राहून ऐकलं. पूर्वी त्यांनी परतवाड्याकडं संत्र्याच्या पेट्या भरल्या होत्या. लाकडी पेटी, खाली तणस, त्यावर संत्र्यांचा थर, वर पुन्हा तणस. शेडमध्ये उजेड कमीच. संत्रं हातात आलं की ते मोठं की मधलं हे तळहातानं सांगायचं, बघत बसायला वेळ नसायचा. "पेटी दिल्लीले उतरते, माय. चार दिवस गाडीत. आतमंदी एक जरी संत्रं मोकळं राह्यलं तं ते बाकीच्याले मारते. हाललं का मेलं." पुढं प्लॅस्टिकचे क्रेट आले, निवडायला मशिनं आली, हातानं भरणारे घरी बसले. "मंग या कंपनीत आलो. आता संत्र्याच्या जागी लोकायचं घर भरतो."

आई आत जाऊन त्यांच्या समोर बसली.

तासाभरानं चहा घेऊन गेले तर दोघांचा खेळ चालला होता. आई डबा पुढं करायची, काका डोळे मिटून तो हलवून आत काय ते सांगायचे. "शेंगदाने." बरोबर. "साबुदाना." बरोबर. "हा रवा."

"नाई! भगर हाये, भगर!" आई इतकी मोठ्यानं हसली की बाहेर पलंग खोलणारे थांबले. तो हुकूम आल्यापासून मी तिचं हसणं ऐकलं नव्हतं.

मग काकांनी माझ्याकडं वळून विचारलं, "नवं घर पाह्यलं का तुमी? फोटो हाये?" घरमालकानं पाठवलेले फोटो मी मोबाइलवर दाखवले. त्यांनी चष्मा चढवून स्वयंपाकघराचा फोटो कितीतरी वेळ पाहिला, दोन बोटांनी मोठा करून कोपरा न् कोपरा पाहिला आणि आईला सांगायला लागले. "गॅस डाव्या हाताले गेला, माय. अठी उजव्या हाताले हाये. ओटा तुमच्या कमरेइतकाच दिसते. फळ्या तीनच हायेत, पन त्याईले दारं हायेत."

"दारं काढून टाकू," आई म्हणाली.

 नव्या घराबद्दल तिनं उच्चारलेलं ते पहिलं वाक्य होतं.

एकेका फळीचे डबे डावीकडून उजवीकडं, त्याच क्रमानं खोक्यांत जाऊ लागले. काकांनी प्रत्येक खोक्यावर कंपनीच्या नियमाप्रमाणे आकडा टाकला, इंग्रजीत 'किचन' लिहिलं. मग थांबून म्हणाले, "माय कशी वाचनार?"

"आईला कशाला वाचायला लागतंय? मी आहे की."

"तुमी हापिसात असान तवा?" त्यांनी मान वर न करताच विचारलं.

 इतकी वर्षं मी 'मी आहे की' म्हणत आले होते आणि रोज सकाळी साडेनऊला घराबाहेर पडत आले होते.

काकांनी सुतळीचा गुंडा काढला. प्रत्येक खोक्याला सुतळी आवळली आणि एका कोपऱ्यावर गाठी मारल्या. एक गाठ म्हणजे वरची फळी, दोन म्हणजे मधली, तीन म्हणजे खालची. आईच्या खोलीच्या खोक्यांना गाठीऐवजी फास, देवाच्या सामानाला कापडाची चिंधी. संत्र्याच्या शेडमध्ये हमाल वाचणारे थोडेच असायचे, तेव्हा कुठली पेटी कुठल्या गावच्या गाडीत हे असंच गाठींवरून कळायचं म्हणे.

आईला गाठी शिकवताना दुसऱ्या दिवशी एक गंमत झाली. काकांनी तिचा हात धरून सुतळीवर फिरवला, आणि फिरवता फिरवता आईचा हात त्यांच्या मनगटावर गेला, तिथून बोटांच्या पेरांवर. ती दचकली.

"अवं माय! हा तं म्हातारा हाये!"

दोन दिवस ती त्या आवाजावर जाऊन त्यांना 'पोरा' म्हणत होती. हे आण, ते काढ, माळ्यावर चढ.

"आन मी याले माळ्यावर चढवलं!" ती माझ्यावरच चिडली. "तू काहून सांगतलं नाई?"

काकांना हसू आवरत नव्हतं. "आवाजाले वय नाई लागलं, माय. बाकी साऱ्याले लागलं. तुमी पोराच म्हना, घरी तसं कोनी म्हनत नाई आता."

तिसऱ्या दिवशी ट्रक आला. निघायच्या गडबडीत माझी एकच वस्तू राहिली होती. कचेरीतल्या लोकांनी निरोपाला काचेच्या घुमटात बसवलेलं कापसाचं बोंड दिलं होतं. ते मी स्वतःच एका खोक्यात घालून, चार कागद कोंबून टेप मारली. काकांनी ते उचलून कानाशी धरलं.

"बोलते, ताई."

"राहू द्या हो काका, ट्रकवाला ओरडतोय."

काका खोकं अगदी वर, हलक्या सामानावर ठेवून आले. माळ्यावरची लोणच्याची बरणी तेल सांडेल म्हणून कंपनी नेणार नव्हती, ती आईनं त्यांच्या हातात दिली. स्वतः ते गाडीबरोबर जाणार नव्हते. भरणारे वेगळे, चालवणारे वेगळे, उतरवणारे तिसरेच. हे मला तेव्हा कळलं. कंपनीच्या पावतीच्या मागं त्यांनी स्वतःचा नंबर लिहून दिला. "सामान पोचलं का सांगजा. मले चैन नाई पडत."

आम्ही दोघी रेल्वेनं गेलो. सामान सहा दिवसांत येणार होतं.

रिकामं घर आईनं कधी अनुभवलं नव्हतं. आवाज घुमायचा, त्यामुळं भिंत किती लांब आहे हेही तिला कळेना. मी हात धरून तिला सगळं दाखवलं. ती हो हो म्हणाली, आणि मी हात सोडल्यावर चटईवर येऊन बसली. तिसऱ्या दिवशी मला कामावर रुजू व्हावं लागलं. शेजारी पाण्याची बाटली आणि डबा ठेवून गेले. संध्याकाळी आले तर ती सकाळी जिथं होती तिथंच, त्याच बाजूला तोंड करून. डबा अर्धा. कपाळावर टेंगूळ.

"काय झालं?"

"वरच्या फळीचं दार उघडं होतं ते. पानी घ्याले गेली होती मी." मग म्हणाली, "मले अकोल्याले नेऊन घाल."

सहावा दिवस गेला. कंपनीतली मुलगी रोज सांगायची, "गाडी रस्त्यात आहे मॅडम." सातव्या दिवशी फोन कुणी उचललाच नाही. मी गॅलरीत उभी राहून एकामागून एक नंबर लावत होते आणि आत आई चटईवर बसून होती, अकोल्यात कधी दोन मिनिटं एका जागी न बसलेली माझी आई. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की मी हिला मोडून टाकलं.

पावतीच्या मागचा नंबर लावला.

"मले कंपनी काय सांगनार, ताई? मी भरनारा मानूस," काका म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी ते स्वतःहून अमरावतीला गेले. ऑफिसातल्या बाकावर बसले आणि सांगितल्याशिवाय उठणार नाही म्हणाले. दुपारी त्यांचा फोन आला. गाडी आदिलाबादच्या पुढं बिघडली होती. सामान दुसऱ्या गाडीत घातलं होतं. अजून तीन दिवस.

मी मोठा श्वास सोडला. निदान आहे तरी! पण काकांचा आवाज बारीक होता त्याहून बारीक झाला. "दुसऱ्या गाडीत भरताना मी नवतो, ताई. कोनं कसं भरलं, मले ठाव नाई." मग म्हणाले, "मायले द्या."

मी फोन आईच्या कानाला लावला.

"माय, पह्यली फळी. डावीकडून तिसरा डब्बा कायचा?"

"साखरेचा," आई म्हणाली.

"चवथा?"

"चहापत्ती."

"त्याच्या बाजूले?"

"लायना डब्बा. इलायची."

त्या दिवसापासून संध्याकाळी सहाला त्यांचा फोन यायचा. माझ्याशी दोन शब्द, मग आईला एकेक फळी विचारायचे. मधली फळी, उजवीकडून दुसरा. खालची फळी, कोपऱ्यात काय? मला वाटलं, म्हातारीचं मन रमवताहेत. लोणचं जावयानं संपवलं, असंही एकदा मध्येच सांगून झालं. पण दुसऱ्या संध्याकाळी मी कपड्यांच्या घड्या घालत होते आणि पाहिलं तर आई उठून उभी होती. एका हातात फोन, दुसरा हात भिंतीवरून सरकत सरकत नव्या स्वयंपाकघरात. रिकाम्या फळीवर तळवा टेकवून ती म्हणत होती, "अठी साखर." हात वीतभर पुढं. "अठी चहापत्ती."

मी घड्या तशाच ठेवून बसून राहिले. हलले नाही, तिला कळू नये म्हणून.

गाडी आली ती रविवारी सकाळी. उतरवणारे तिघं, तिघंही तमिळ बोलणारे. मी यादी घेऊन खाली धावले. खोक्यांवरचे आकडे अर्धे पुसले होते, काही खोकी चेपली होती, काहींवर दुसऱ्याच कुणाच्या नावाच्या चिठ्ठ्या होत्या. माणसं घाईत. दिसेल ते दिसेल तिथं ठेवायला लागली. मी मराठी, हिंदी, इंग्रजी सगळं एकदम बोलत होते आणि कुणालाच काही कळत नव्हतं.

"मले दारात बसव," आई मागून म्हणाली.

ट्रकमधून सगळ्यात आधी उतरलेलं स्टूल मी दारात ठेवलं. ती बसली. पहिलं खोकं घेऊन येणाऱ्या माणसाला तिनं हात आडवा केला. तो थांबला. आईचा हात खोक्यावरून फिरला, कडेला गेला, सुतळीवर थांबला. बोटं कोपऱ्याकडं सरकली.

"दोन," ती म्हणाली. आणि तिचा चेहरा, काय सांगू तुम्हाला. "दोन हायेत! मधली फळी." तिनं दोन बोटं वर केली आणि स्वयंपाकघराकडं हात दाखवला.

त्या माणसानं माझ्याकडं पाहिलं, तिच्या डोळ्यांकडं पाहिलं, मग सुतळीकडं. त्याला कळलं. खाली ओरडून त्यानं बाकीच्या दोघांना काहीतरी सांगितलं. दहा-बारा खोक्यांनंतर तर ते तिघंही जिन्यातच गाठीचा कोपरा शोधून वर आल्यावर तो बरोबर आईच्या हाताखाली धरायला लागले. ती बोटं दाखवायची, ते मोठ्यानं तमिळमध्ये तो आकडा म्हणायचे. दुपारपर्यंत आईला तमिळचे तीन आकडे येत होते.

दोन खोक्यांच्या सुतळ्या वाटेत तुटून गेल्या होत्या. आईनं ती मांडीवर घेतली, कानाशी धरून हलवली. "मुकी हायेत. त्यानंच भरली हायेत. आत ठेव." एक खोकं मात्र जिन्याच्या खालच्या पायरीपासून वाजत वर आलं. ते माझं होतं.

गॅसवरच्या फळ्यांची दारं त्या माणसांनी आपल्या पान्यांनी काढून दिली. आईनं स्वतः खोकी उघडली, डबे मांडले. मी दोनदा पुढं झाले, दोन्ही वेळा तिनं मला बाजूला केलं. एकतीसही डबे, बरण्या. एकाही बरणीला टवका नाही.

"सारे बसा. चहा टाकतो," ती म्हणाली.

मी दारात उभी राहून पाहत होते. गॅस डाव्या हाताला आहे हे ती एकदा विसरली, उजवीकडं हात गेला, हवेत थांबला, मग परत आला. पातेलं, पाणी. हात वर गेला, डावीकडून तिसरा डबा. साखर. चौथा. चहापत्ती. तिनं मला काहीही विचारलं नाही.

पाच जणांनी जमिनीवर बसून चहा घेतला. मला एकाएकी इतकी भूक लागली की त्या माणसांसाठी आणलेले बिस्किटांचे पुडे मीच संपवायला लागले. त्यातल्या एकानं हसून आपल्या पुढ्यातला पुडाही माझ्याकडं सरकवला. आठवडाभर मी काय खाल्लं, कधी खाल्लं, मला आठवेना. आई कप विसळत होती आणि सिंक कुठं आहे ते तिनं कुणाला विचारलं नव्हतं.

काकांना फोन केला. "पोचलं," म्हटलं. 

"फुटलं काय?"

"एकच. माझी काचेची वस्तू."

"ते बोलत होतं, ताई," ते म्हणाले. टोमण्याचा लवलेश नव्हता. खरोखर वाईट वाटलं होतं त्यांना. "मी परत खोलाले पायजे होतं."

पुढं सणावाराला फोन चालू राहिले. आई त्यांना तमिळ आकडे म्हणून दाखवायची. ती जिना उतरून खालच्या बाईकडं कढीपत्ता मागायला जाते, हे मी सांगितलं तेव्हा "एकटी?" असं त्यांनी तीनदा विचारलं. मग फोन कमी झाले. मागच्या वर्षी अकोल्याच्या कचेरीतल्या एका बाईंची नागपूरला बदली झाली, तेव्हा मी अमरावतीच्या त्या कंपनीला फोन करून म्हटलं, भरायला ते काकाच पाठवा. "ते आता येत नाहीत मॅडम," मुलगी म्हणाली. "गुडघे गेले त्यांचे."

हिवाळ्यात कामासाठी अकोल्याला जाणं झालं. एक दुपार मोकळी होती, अकोटची एसटी धरली. काकांचा फोन त्यांच्या मुलीनं उचलला होता, ते आता तिच्याकडंच राहत होते. पत्ता तिनंच सांगितला. कापसाच्या जिनिंग फॅक्टरीमागची गल्ली, निळं दार.

ती दारातच उभी होती. "या ना, ताई. तुमचं आन तुमच्या आईचं नाव निंघते घरात." मग आवाज खाली आणून म्हणाली, "बाबा झोपले. उठवू का?"

ओसरीत खाटेवर काका झोपले होते. चष्मा उशाशी. एक हात डोक्याखाली, दुसरा छातीवर उघडा पडलेला, श्वासाबरोबर वर-खाली होणारा. दाढी वाढली होती. तोंड थोडं उघडं. त्यांच्या हातांना काही काम नाही असं मी पहिल्यांदाच पाहत होते.

"जन्मात कधी दुपारचे झोपले नाईत," मुलगी कुजबुजली. "आता लागते झोप. चांगली लागते."

"नका उठवू," मी म्हणाले.

तिनं चहा दिला. मी खाटेजवळच्या पायरीवर बसून तो घेतला. गल्लीतून एक सायकल गेली, कापसाची गाडी गेली, काकांची पापणीही हलली नाही. मुलीनं येऊन त्यांच्या पायावर चादर ओढली आणि पुन्हा कामाला लागली. बसची वेळ होईपर्यंत मी तशीच बसले. मग चप्पल हातात घेऊन ओसरी उतरले.

स्टँडवरून आईला फोन लावला.

"भेटला?"

"झोपले होते."

"मंग?"

"बसले थोडा वेळ. आले निघून."

 मागून कुकरची शिट्टी ऐकू आली.

"बरं केलं," ती म्हणाली. "झोपू दे त्याले."